उन्हाळ्यासाठी घर पाहायला गेलो, ते भर बर्फात

लोक उन्हाळ्यात मनालीला जातात ते गारव्यासाठी आणि जानेवारीत जातात ते बर्फात लोळायला. आम्ही जानेवारीत गेलो ते मे महिन्याची सोय पाहायला. हे वाचून तुम्ही चक्रावला असाल तर काही बिघडत नाही, आमच्या नातेवाइकांचंही तेच झालं होतं.

झालं असं, की गेल्या मे महिन्यात माझी आई पारोळ्याला एका लग्नाला गेली आणि भर दुपारी वरातीत कोसळली. आमच्या खान्देशात लग्नं उन्हाळ्यातच लागतात, आणि वरात निघाली की घरात बसणारी माणसं नाही आम्ही. तिला धुळ्याला आणलं, सलाईन लावलं, शुद्ध यायला संध्याकाळ झाली. डॉक्टर माझ्याकडे बघत म्हणाले, "या वेळी निभावलं. असं पुन्हा झालं तर सांगता यायचं नाही. पुढच्या उन्हाळ्यात यांना इथे ठेवू नका."

आईला आम्ही माय म्हणतो, गाव तिला अक्का म्हणतं. नरडाण्याजवळच्या आमच्या गावात, मातीच्या सपाट छताच्या, म्हणजे धाब्याच्या घरात ती एकटी राहते. मी धुळ्यात शिवणकामाचं दुकान चालवते. माझा धाकटा भाऊ प्रवीण हिमाचलात कुल्लूच्या बाजूला एका वीजप्रकल्पावर इलेक्ट्रिशियन आहे. दोन खोल्या भाड्यानं घेऊन एकटाच राहतो. त्याचं म्हणणं, मायनं चैत्र ते आषाढ आपल्याकडे यावं. मायचं म्हणणं, घराला कुलूप लागलं की घर रुसतं. दोघांच्या मध्ये मी, इकडे फोन, तिकडे फोन.

शेवटी दिवाळीत माय एवढंच म्हणाली, "देखी तरी येऊ." प्रवीण खूश झाला आणि त्यानं लगेच एप्रिलची तिकिटं बघायला घेतली. तेव्हा तिनं तिढा टाकला. आमच्याकडे शेत विकत घ्यायचं असेल तर ते पावसाळ्यात कुणी बघत नाही. वैशाखात जातात, विहिरीत डोकावतात, तेव्हा पाणी दिसलं तर सौदा. पावसाळ्यात काय, सगळ्याच विहिरी भरलेल्या.

"ईहीर देखनी ते वैशाखमा देखो," माय म्हणाली. "मे मा तठे बठ्ठं चांगलंच दखास. माले वाईट दिनमा देखनं शे."

मेमध्ये तिथे सगळंच चांगलं दिसणार, आणि तिथले वाईट दिवस म्हणजे बर्फाचे. म्हणून जानेवारी. प्रवीणनं कपाळावर हात मारला, पण तिकिटं काढली.

आता जाणाऱ्यांसाठी कामाचं सांगते. धुळ्याहून जळगावला एसटीनं या. रस्ता आता चौपदरी आहे, पारोळा-एरंडोल करत दोन-अडीच तासांत पोचता. जळगाव किंवा भुसावळहून दिल्लीच्या गाड्या भरपूर आहेत, पण हिवाळ्यात उत्तरेत धुकं असतं, गाडी हमखास उशिरा पोचते. त्यामुळे दिल्लीहून पुढची बस त्याच दिवशीची घेऊ नका. आम्ही घेतली होती आणि कश्मीरी गेटवर अक्षरशः धावत बसमध्ये चढलो. स्लीपरनं जायचं असेल तर पांघरूण घरून न्या. मी पैसे वाचवायला स्लीपर काढलं आणि मथुरेच्या आसपास खिडकीच्या फटीतून आलेल्या वाऱ्यानं माझी सगळी काटकसर उतरवली.

खायला मायनं दशम्या केल्या होत्या. दुधात मळलेली ही पोळी चार दिवस टिकते. सोबत लाल मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि एका पिशवीत ज्वारीचं पीठ. ज्वारीचं पीठ कशाला, असं मी विचारलं तर म्हणे, तिथे गव्हावर किती दिवस काढायचे. समोरच्या बर्थवर भोपाळचं एक कुटुंब होतं. त्यातल्या काकूंनी ठेचा चाखला आणि पुढची दोन स्टेशनं त्या काही बोलल्याच नाहीत.

निघताना थंडीचं कुणाला विशेष वाटत नव्हतं. धुळ्याची थंडी दर वर्षी पेपरात येते, पहाटे दारोदार शेकोट्या पेटतात. माय म्हणाली, "आपली थंडी काय कमी शे का?" तिनं दोन लुगड्यांवर एक शाल घेतली होती आणि पायात मोजे. मीही शिंपीण असूनही स्वतःसाठी धड काही शिवलं नव्हतं. दुसऱ्यांचे कपडे वेळेत देण्यात माझे राहतात, नेहमीचंच आहे.

दिल्लीहून व्हॉल्वो संध्याकाळी निघते आणि सकाळी कुल्लूच्या पुढे पोचवते. पुढच्या सीट मागून घ्या, वळणांवर पोट ढवळतं. मायला काही झालं नाही, मला झालं. पतलीकूहल नावाच्या गावी उतरलो तेव्हा दार उघडताच जी हवा आत आली तिला मी धुळ्याच्या थंडीची बहीण म्हणणार नाही. नाकातून आत जाताना ती टोचत होती. प्रवीण जीप घेऊन उभा होता. हातात दोन जाड कोट. मायनं कोट घातला, बटणं लावली आणि मग म्हणाली, "बरं व्हयनं, तू उना," म्हणजे बरं झालं, तू आलास.

नदीवरचा पूल ओलांडून नग्गरच्या वर, चढावर त्याचं गाव. लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक रचलेली घरं, वर दगडी पाट्यांची उतरती छपरं. आमच्या धाब्यावर उन्हाळ्यात अख्खं घर झोपायला जातं, तिथे छपरावर मांजरसुद्धा बसत नव्हतं. पहिल्या दिवशी अंगणात थोडा जुना, मळलेला बर्फ होता, कापसाचं गोदाम झाडून काढल्यावर कोपऱ्यात उरतो तसा. मी प्रवीणला म्हटलं, हाच का तुझा बर्फ? तो म्हणाला, थांब ताई, आभाळ बघ.

घरमालकीण फुलमा अम्मा. मायच्याच वयाची, अंगावर पट्टू नावाचं लोकरी पांघरूण पिनांनी टाचलेलं, डोक्याला रुमाल. खाली गोठा, वर तिचं घर, बाजूला प्रवीणच्या खोल्या. तिनं मायकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, हाताला धरून आत नेलं आणि तंदूरजवळ बसवलं. तंदूर म्हणजे आपली रोट्यांची भट्टी नव्हे, पत्र्याची शेगडी असते ती, धुराचं नळकांडं छपराबाहेर काढलेलं. सगळं घर तिच्याभोवती. जेवायला सिड्डू होते, उकडलेले गव्हाचे गोळे, आत अक्रोडाचं सारण आणि वर तुपाची धार. मायनं दोन खाल्ले आणि हळूच पिशवीतून ठेचा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर सगळं पांढरं. आवाज नाही. पाऊस पडताना निदान कळतं, हा चोरासारखा येऊन बसला होता. माय दारात उभी राहून बघत राहिली. मी फोटो काढत होते, तिनं हात आडवा धरून डोळे झाकले. "मे मा बारा वाजता असंच दिपस," म्हणाली आणि आत जाऊन तेच पांढरं उपरणं डोक्याला गुंडाळून आली जे ती उन्हाळ्यात शेतात जाताना गुंडाळते. मला हसू आलं. पण दुपारपर्यंत माझे गाल भाजून निघाले आणि तिचे नाही. बर्फावरचं ऊन लागतं, हे ध्यानात ठेवा आणि क्रीम न्या.

पुढचे दोन-तीन दिवस मी हेच जुळवत बसले. आमच्याकडे मे महिन्यात अकरानंतर गल्लीत कुत्रंही फिरकत नाही. दारं-खिडक्या लावून माणसं आत बसतात आणि ऊन उतरायची वाट बघतात. इथे बर्फात तेच, फक्त दुपारऐवजी अख्खा महिना. आमच्याकडे मेमध्ये नळाला पाणी येत नाही म्हणून टँकर. इथे चहूकडे पाणीच पाणी साचलेलं, पण पाइप गोठला म्हणून नळ कोरडा. फुलमा अम्मा झऱ्यावरून हंडा आणायची. मायनं ते पाहिलं आणि म्हणाली, "आठे पाणी गोठस, आपलाकडे आटस. हंडा ते बाईलेच उचलना पडस."

अम्माच्या मुलाची सफरचंदाची बाग आहे. तो सांगत होता, बर्फ कमी पडला तर झाडाला फळ धड धरत नाही. माय लगेच म्हणाली, आमच्याकडेही जमीन उन्हाळ्यात नांगरून तापू द्यावी लागते, नाही तापली तर पुढे किडी आणि तण सोडत नाहीत. थंडीनं उलट जळगावकडच्या केळीला चरका बसतो. त्या दोघांच्या शेतीवर गप्पा अशा रंगल्या की मला वाटलं, सौदा झालाच. माय खूश होती. प्रवीण मला डोळ्यांनी खुणावत होता.

मधल्या एका दिवशी आम्ही सोलांगला जाऊन आलो. जायचं असेल तर शेअर टॅक्सीचा भाव आधी ठरवा. वाटेत बर्फाचे सूट आणि बूट भाड्यानं मिळतात, सगळं मिळून पाचेकशे रुपये सांगतात, घासाघीस करा. माझ्या वाट्याला आलेल्या सूटची शिवण काखेत उसवलेली होती आणि कुणीतरी ती मासे पकडायच्या दोऱ्यानं शिवली होती. मी दुकानदाराला सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, बर्फ़ में कौन देखता है." मी बघते. रग्गड पैसे मोजून घसरगुंडी खेळणाऱ्यांत मायला रस नव्हता. तिनं मक्याचं भाजलेलं कणीस खाल्लं, ते आपल्यापेक्षा महाग आणि आपल्यापेक्षा कोवळं निघालं.

आणि मग चौथ्या की पाचव्या दिवशी सकाळी घोटाळा झाला.

माय घरी रोज पहाटे उठून अंगणात सडा टाकते. उन्हाळ्यात तर दोनदा, म्हणजे धूळ बसते आणि ओसरी गार होते. आमच्याकडे सडा न टाकलेलं अंगण म्हणजे घरात कुणीतरी आजारी किंवा गेलेलं. इथे चार दिवस तिनं कसंबसं आवरलं. त्या सकाळी अम्माच्या मुलानं अंगणातला बर्फ फावड्यानं बाजूला करून फरशी मोकळी केली होती. मोकळं, कोरडं अंगण बघितलं आणि मायला राहवलं नाही. तंदूरवरच्या टाकीतलं कोमट पाणी बादलीत घेतलं आणि छान, सगळीकडे सारखा सडा टाकला. कोपरा न् कोपरा. मग समाधानानं आत येऊन चहा प्यायला बसली.

फुलमा अम्मा गोठ्यातून धार काढून वर आली. आम्हाला आवाज आला तो भांड्याचा. बाहेर धावलो तर अंगणाची काच झालेली, दूध सांडलेलं आणि अम्मा मनगट धरून बसलेली. मी तिला उठवायला गेले आणि मीही तिच्या शेजारी जाऊन बसले.

हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. पण हे कळायला खाली दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढेपर्यंत दुपार झाली. परत आल्यावर अम्माच्या मुलानं चुलीतली राख आणून अंगणभर पसरली, माझ्याकडे न बघता. अम्माची सून पाहुणचाराचं हसली, पण तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की या बाईला उन्हाळ्यात तीन महिने इथे ठेवायचं आहे म्हणे.

माय प्रवीणच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली. जेवली नाही. प्रवीणनं समजावलं, मी समजावलं. "माले घर ली चाल," एवढंच. "मनामुळे त्या बाईना हात गया. मी आठे कोणले त्रास द्याले येवाव नही." मला रडायलाच आलं. आठ महिने मनधरणी करून तिला इथवर आणली आणि एका बादलीत सगळं गेलं. डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नव्हतं. रागही आला, तिचा आणि माझाही. निदान ती बादली भरताना मी विचारायला हवं होतं, कुठे चाललीस म्हणून. मी मोबाइल बघत होते.

संध्याकाळी दार ढकलून अम्मा स्वतः आली. हात गळ्यात अडकवलेला. मायसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हाथ तो गया मेरा. अब रोटी कौन बनाएगा? बहू गाय देखेगी. चल, उठ."

माय उठली. मागोमाग मीही गेले, पुन्हा काही घडू नये म्हणून. मायनं ज्वारीचं पीठ काढलं आणि तंदूरवर तवा ठेवून भाकरी थापायला घेतली. अम्मा बाजूला बसून बघत होती. पहिली भाकरी फुगली तेव्हा घरातली सून, नातू सगळे जवळ सरकले. अम्माचा मुलगा शेवटी आला, पण आला. त्यानं ठेचा मागून घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खाल्ला. त्यावर सगळ्यात आधी हसली ती त्याची बायको.

जेवणं उरकली तसं अम्मा गुडघे चोळायला लागली. दर थंडीत असंच होतं म्हणाली. लेक खाली, हिमाचलातल्याच बिलासपूरला दिलेली आहे, तिथे बर्फ नाही, ऊन असतं, ती दर वर्षी बोलावते. "पर मैं नहीं जाती. गाय है, घर है. लोग बोलेंगे, बुढ़िया घर छोड़ के बैठी है बेटी के पास."

हे ऐकलं आणि माय उसळली. तिची हिंदी आमच्या गावच्या बाजारातली आहे, पण त्या वेळी थांबली नाही. "तू क्या येडी है? घुटने इत्ते दुखते, तो लडकी के पास जाके बैठने का ना. गाय को बहू देखती. घर क्या उडके जाता? कल को बर्फ में पडी रही, कोई देखा नहीं तो? लोगां का क्या, लोगां तो दोनों बाजू से बोलते. तेरे लडके-लडकी को कित्ता घोर लगता होएगा, वो सोचा कभी?"

प्रवीण माझ्याकडे बघायला लागला, मी तंदूरकडे.

अम्मानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "और तू? तू गर्मी में आती है अपने बेटे के पास?"

मायनं तव्यावरची राहिलेली भाकरी उलटली, ती आधीच करपली होती, पुन्हा उलटली. नातवानं विचारलं, ये दादी क्यों चुप हो गई, आणि त्याला त्याच्या आईनं दटावलं.

तवा उतरवून माय म्हणाली, "मैं आई तो तू जाएगी?"

"तू आ के दिखा," अम्मा म्हणाली.

एवढाच करार झाला. नंतर त्यात मायनं कलम वाढवलं, की बिलासपूरला लेकीकडे जाशील तेव्हा तिथून पुढे आमच्याकडेही यायचं, पौषात, वांग्याचं भरीत खायला. आमच्या अंगणात पाणी टाकलं तर कुणी पडत नाही, असंही म्हणाली. अम्माला हसताना मनगट दुखलं.

परतीचा प्रवास सांगण्यासारखा नाही. गाडी धुक्यात उशिरा, मी खोकत, माय ठणठणीत. जळगावला उतरलो तेव्हा सकाळची कोवळी थंडी होती आणि स्टेशनबाहेर पोहे-चहा. तिथून येऊन एवढीच थंडी बघितली की ती उबदार वाटते. घरी आल्यावर लोक विचारायला आले, अक्का, बर्फ कसा व्हता? तिनं सांगितलं, "आपला उन्हाळा शे तसाच. फक्त पांढरा."

खर्चाचं विचारणाऱ्यांसाठी: राहणं भावाकडे असल्यानं दोघींचं सगळं मिळून पंचवीस हजारांच्या आत झालं. हॉटेलात राहिलात तर जास्त धरा. थर्मल दिल्लीहून घ्या, धुळ्यापेक्षा स्वस्त पडतात. आणि अंगणात पाणी टाकू नका.

चैत्रात प्रवीण येऊन मायला घेऊन गेला. निघताना तिनं घराची किल्ली माझ्या हातात दिली, पुन्हा मागून घेतली, कुलूप ओढून पाहिलं आणि परत दिली. जीपमध्ये बसल्यावर तिनं मागे वळून बघितलं नाही. मी मात्र ती किल्ली घेऊन ओट्यावर बराच वेळ बसले. इतकं मागे लागून तिला पाठवलं आणि गेली तर मला करमेना.

हे लिहितेय तेव्हा मे चालू आहे. बाहेर डांबर मऊ झालंय, दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं आहे. गेल्या वर्षी दवाखान्यातून आल्यावर माय हट्टानं गावी परत गेली होती आणि उरलेला उन्हाळा मी मशीनवर बसून तिला फोन लावत काढला. घंटा वाजत राहिली की माझा पाय पायट्यावरून निघायचा. शेजारच्या जनाबाईला फोन, मग पोलीस पाटलाला फोन, आणि माय आपली निवांत गोधडी शिवत बसलेली, फोन दुसऱ्या खोलीत. एका दुपारी मी ब्लाउजचे दोन्ही हात एकाच बाजूला जोडले होते.

काल दुपारी मी कापडाच्या ठाणावर डोकं टेकलं आणि मला झोप लागली. भर मे महिन्यात, दुपारी, गाढ. उठले तर उन्हं कलली होती आणि फोनवर मायचे कितीतरी मिस्ड कॉल. मधे एक प्रवीणचा, एक शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा. तिनं प्रवीणला कामावरून बोलावून झेरॉक्सवाल्याचा नंबर शोधून काढायला लावला होता, आणि तो बिचारा शटरखालून वाकून, मी घोरतेय हे बघून तिला कळवून गेला होता.

मी फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला.

"फोन का उचलस नही व?" माय म्हणाली. मागे अम्मा कुणाला तरी हाका मारत होती. "इतलं ऊन शे तठे. मना जीव टांगणीले लागना व्हता."

झोप लागली होती गं माय, मी म्हटलं.

"दुपारना?" ती म्हणाली, आणि तिकडे अम्माला सांगितलं की मी झोपले होते. "बरं. झोप मग."